फिजिशियन हेल्थ प्रोग्राम: व्यसनात सापडलेल्या डॉक्टरांसाठीची अमेरिकेतली सेवा किती गोपनीय, किती उपयोगाची

अमेरिकेत प्रॅक्टिस करणाऱ्या डॉक्टरला दारू, फेंटॅनिल (भूल देताना वापरायचं अफूच्या जातीचं तीव्र वेदनाशामक) किंवा झोपेच्या गोळ्यांनी धरलं की आजारापेक्षा लायसन्सची भीती मोठी होते. त्या भीतीपायी उपचार वर्षानुवर्षं लांबतात. फिजिशियन हेल्थ प्रोग्राम, बोलण्यात पीएचपी, ही डॉक्टरचे उपचार आणि नंतरची देखरेख पाहणारी, राज्याराज्यांत चालणारी सेवा याच भीतीवर काढलेला तोडगा आहे. आमचं मत सुरुवातीलाच सांगतो. व्यसनाच्या उपचारात इतके चांगले निकाल क्वचित पाहायला मिळतात, पण इथली गोपनीयता अटींवर मिळते. त्या अटी पहिल्या फोनच्या आधी कळल्या तर ही सेवा माणसाला वाचवते. करारावर सही झाल्यावर कळल्या तर पाच वर्षं जाच वाटते. इथे शिकून गेलेले आणि तिथे रेसिडेन्सी (हॉस्पिटलमधलं पदव्युत्तर प्रशिक्षण) करणारे मराठी डॉक्टर कमी नाहीत, म्हणून जरा खोलात जाऊन लिहितो.

1973 साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनने आजारी डॉक्टरांवर अहवाल काढला आणि त्यानंतर राज्याराज्यांत असे कार्यक्रम उभे राहिले. त्यांचा राष्ट्रीय महासंघ 1990 चा. रचना मात्र सगळीकडे सारखी नाही. न्यूयॉर्क आणि मॅसॅच्युसेट्समध्ये कार्यक्रम राज्याच्या डॉक्टर संघटनेच्या छत्राखाली चालतो, टेक्ससमध्ये तो प्रशासकीयदृष्ट्या लायसन्स देणाऱ्या मेडिकल बोर्डाला जोडलेला आहे. कॅलिफोर्नियाने बोर्डाचा जुना डायव्हर्जन (कारवाईऐवजी उपचाराकडे वळवणारा) कार्यक्रम 2008 मध्ये बंदच केला. त्यामुळे ‘माझ्या मित्राच्या राज्यात असं होतं’ या माहितीवर विसंबू नका. आपल्या राज्याच्या कार्यक्रमाचा बोर्डाशी झालेला करार मागवून वाचा. बहुतेक ठिकाणी तो मागितल्यावर मिळतो.

पहिला फोन नाव न सांगता करता येतो. ‘एका डॉक्टरची अशी परिस्थिती आहे’ असं म्हणून सगळे प्रश्न विचारून घ्यावेत. यातले तीन फार महत्त्वाचे. मी स्वतःहून आलो तर माझं नाव बोर्डाकडे केव्हा जाईल? मूल्यमापन कुठे होईल आणि किमान तीन ठिकाणांतून निवडता येईल का? मूल्यमापन करणारं केंद्र आणि उपचार करणारं केंद्र वेगळं ठेवता येईल का? तिसरा प्रश्न बहुतेक जण विसरतात. जे केंद्र तुम्हाला 90 दिवस भरती करून घेणार आहे, त्यानेच ‘भरतीची गरज आहे’ असा निर्वाळा द्यावा, यात हितसंबंध आडवे येतात. नॉर्थ कॅरोलायनाच्या राज्य लेखापरीक्षकाने 2014 मध्ये तिथल्या कार्यक्रमाच्या तपासणीत नेमकं याच प्रकारावर बोट ठेवलं होतं. प्रत्यक्ष गैरप्रकार हाती लागले नव्हते, पण मूल्यमापनाविरुद्ध दाद मागायची स्वतंत्र सोय नव्हती आणि गैरप्रकार झाला असता तरी तो उघडकीस येईल अशी देखरेखही नव्हती.

मूल्यमापन साध्या केसमध्ये दोनेक तासांत आटोपतं. गुंतागुंत असेल तर तीन-चार दिवस एखाद्या केंद्रात राहावं लागतं: मनोविकारतज्ज्ञाची मुलाखत, मानसशास्त्रीय चाचण्या, रक्त, लघवी, केस किंवा नखं, शिवाय जोडीदाराशी आणि सहकाऱ्याशी फोनवर बोलणं. फोन कोणाला जाणार ते तुमच्या संमतीने ठरतं. हॉस्पिटलमधली कोणती दोन माणसं चालतील याचा विचार आधीच करून ठेवा. गडबडीत विभागप्रमुखांचं नाव दिलं जातं आणि मग गोपनीयता पहिल्याच आठवड्यात संपते.

निदान गंभीर निघालं तर 60 ते 90 दिवसांची निवासी भरती होते. अशा केंद्रांत डॉक्टरांचे स्वतंत्र गट असतात आणि त्याचा फायदा खरा आहे. डॉक्टर रुग्ण म्हणून वाईट असतो. तो स्वतःचं निदान करतो, औषधांचे डोस सुचवतो, इतरांना सल्ले देत राहतो. समोर दुसरा भूलतज्ज्ञ बसला असेल तर हे फार वेळ चालत नाही.

भरतीनंतर डॉक्टर आणि कार्यक्रम यांच्यात करार होतो आणि खरी सेवा तिथून पुढे सुरू होते. अवलंबित्वाचं निदान असेल तर सहसा पाच वर्षं, सौम्य प्रकारात कमी. रोज पहाटे अॅपवर किंवा फोनवर चेक-इन करायचं, त्यात कळतं की आज चाचणीसाठी नमुना (बहुधा लघवीचा) द्यायचा आहे की नाही. द्यायचा असेल तर त्याच दिवशी. चेक-इन चुकलं तरी नोंद होते, आणि अशा नोंदी साठत गेल्या की चाचणी चुकवल्यासारखंच धरलं जातं. पहिल्या वर्षी आठवड्याला एखाद-दुसरी चाचणी, मग हळूहळू कमी. नमुना द्यायचं केंद्र हॉस्पिटलच्या जवळचं निवडा, पण आपल्याच हॉस्पिटलचा ऑक्युपेशनल हेल्थ (कर्मचाऱ्यांच्या तपासण्यांचा) विभाग शक्यतो टाळा. तिथल्या काउंटरवरची माणसं तुम्हाला ओळखतात.

नमुना घेण्याची पद्धत कोर्टात टिकेल अशी असते. खिसे रिकामे करायचे, संडासातलं पाणी निळं केलेलं असतं, कपावर तापमानाची पट्टी असते आणि चार मिनिटांच्या आत ती 90 ते 100 अंश फॅरनहाइटमध्ये दिसावी लागते. बऱ्याचदा समोर माणूस उभा असतो. बाटलीवरच्या सीलवर तुम्हीच आद्याक्षरं लिहायची, ती घाईत सोडू नका. पुढे निकालावर वाद झाला तर त्या सीलवर आणि फॉर्मवर सगळं अवलंबून असतं.

इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो पातळ नमुन्याचा. लघवीतलं क्रिएटिनिन (स्नायूंतून येणारा टाकाऊ पदार्थ) 20 मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली गेलं की नमुना पातळ ठरतो आणि पाणी पिऊन काही लपवलं का, असा संशय येतो. मांस न खाणाऱ्या आणि सडपातळ माणसाचं क्रिएटिनिन मुळातच कमी असतं. त्यात ‘लघवी यायला हवी’ म्हणून लिटरभर पाणी प्यायलं की हमखास खाली जातं. सकाळची पहिली किंवा दुसरी लघवी द्या, आधीच्या दोन तासांत पेलाभरापेक्षा जास्त पाणी पिऊ नका, आणि शाकाहारी असाल तर ते पहिल्याच भेटीत फाइलमध्ये नोंदवून घ्या.

दारूसाठी मुख्यतः दोन चाचण्या. लघवीतली ईटीजी साधारण तीन दिवसांपर्यंतचं पकडते. रक्तातली पीईथ दोन ते चार आठवड्यांपर्यंतचं दाखवते. ईटीजी इतकी संवेदनशील आहे की माउथवॉश आणि हातावरचं सॅनिटायझरसुद्धा तिला कळतं. म्हणून नुसत्या ईटीजीवर निर्णय घेऊ नये, असा इशारा अमेरिकेच्या केंद्रीय व्यसनोपचार खात्याने 2006 मध्येच दिला आहे. कमी पातळीची ईटीजी पॉझिटिव्ह आली तर त्याच दिवशी पीईथ करून मागा. करारात तशी सोय नसली तरी लेखी विनंती करा. दोन दिवस वाट पाहिलीत तर ‘आधी का नाही मागितली’ हा प्रश्न उभा राहतो.

मराठी घरांत यापलीकडच्या काही गोष्टी असतात आणि कार्यक्रमाच्या माहितीपत्रकात त्या सापडत नाहीत. खसखस अफूच्या बोंडातलीच. अनारशावरची, खिरीतली, मटणाच्या वाटणातली खसखस लघवीत मॉर्फिन आणि कोडीन दाखवू शकते. करार असेपर्यंत ती पूर्ण बंद, दिवाळीतही. द्राक्षासव, दशमूलारिष्ट, अशोकारिष्ट यांत आंबवण्यातून तयार झालेलं अल्कोहोल असतं, बाटलीवर तसं छापलेलंही असतं. होमिओपॅथीचे थेंब बहुधा अल्कोहोलमध्येच असतात. होळीची किंवा महाशिवरात्रीची थंडाई बाहेर कोणाकडे पिऊ नका, भांग आहे की नाही हे विचारायला संकोच वाटतो. आणि आईवडील भारतातून येताना प्रेमाने आणतात त्या औषधांच्या पिशवीतलं कोडीनचं खोकल्याचं औषध, ट्रामाडॉल, अल्प्राझोलाम हे सगळं घराबाहेर काढा. ‘आईने दिलं होतं’ हे खरं असलं तरी प्रिस्क्रिप्शनशिवाय कंट्रोल्ड औषध घेतलं, एवढीच नोंद उरते.

भारतात लग्नाला किंवा कोणाच्या आजारपणात जायचं तर आगाऊ परवानगी लागते. आणीबाणीतही विमानतळावरून का होईना कळवा. चाचणीत खंड मंजूर होतो आणि परत आल्यावर केसांची किंवा पीईथची चाचणी होते. दीड इंच केसांत साधारण 90 दिवसांचा इतिहास असतो. घरात कोणाचं निधन होऊन मुंडण केलं असेल तर तेही आधी कळवा. टक्कल दिसल्यावर दिलेला खुलासा, कितीही खरा असला, तरी नंतरचा ठरतो.

भूलशास्त्रातल्या डॉक्टरांनी एक गोष्ट नीट पाहावी. चाचणीच्या नेहमीच्या पॅनलमध्ये, म्हणजे तपासायच्या औषधांच्या यादीत, फेंटॅनिल, केटामिन, प्रोपोफोल ही भुलेची औषधं येतीलच असं नसतं. त्यांची चाचणी वेगळी मागवावी लागते. करारात ही नावं नसतील तर करार कच्चा आहे, आणि कच्च्या करारात सगळ्यात मोठा धोका डॉक्टरचाच. अमेरिकेत 1975 ते 2009 या काळात भूलशास्त्राची रेसिडेन्सी सुरू करणाऱ्या 44,612 डॉक्टरांपैकी 384 जणांमध्ये शिकत असतानाच व्यसनाधीनता आढळली, त्यांतले 28 जण शिकत असतानाच वारले. या शाखेत पुन्हा पाय घसरल्याची पहिली खूण कधीकधी मृत्यूच असते. म्हणून ओपिऑइडच्या (अफूच्या जातीच्या औषधांच्या) केसमध्ये कामावर परतताना दर महिन्याला, ओपिऑइडचा परिणाम रोखणाऱ्या नाल्ट्रेक्सोनचं 380 मिलिग्रॅमचं इंजेक्शन घ्यायची अट घालतात, तिला शिक्षा समजू नये. ते सुरू करायच्या आधी सात ते दहा दिवस ओपिऑइड पूर्ण बंद हवं, नाहीतर तीव्र विथड्रॉवल, म्हणजे नशा तुटल्याचा त्रास, होतो. शाखा बदलण्याचा सल्ला मिळाला तर तोही गंभीरपणे ऐकावा. ज्या कपाटाची किल्ली हातात असल्यामुळे व्यसन लागलं, त्याच कपाटाशेजारी रोज दहा तास उभं राहणं प्रत्येकाला झेपत नाही.

ब्युप्रेनॉर्फिनच्या बाबतीत मात्र आमची तक्रार आहे. ओपिऑइडच्या व्यसनावर हे उत्तम औषध, सामान्य रुग्णांत मृत्यू कमी करणारं. तरी डॉक्टर-नर्सना ‘हे घेत असाल तर कामावर परत नाही’ असं अनेक ठिकाणी सांगितलं गेलं आहे. मार्च 2022 मध्ये अमेरिकेच्या न्याय खात्याने इंडियानाच्या नर्सिंग बोर्डाला याच कारणावरून अपंगत्व कायद्याचा भंग केल्याचं कळवलं. तुमच्या डॉक्टरने हे औषध लिहून दिलं असेल आणि कार्यक्रम बंद करायला सांगत असेल, तर ते लेखी मागा आणि वकिलाला दाखवा. स्वतःहून बंद करू नका.

आता गोपनीयता. केंद्रीय नियमांतला 42 सीएफआर भाग 2 व्यसनाच्या उपचाराच्या नोंदींना इतर वैद्यकीय नोंदींपेक्षा कडक संरक्षण देतो. लेखी संमतीशिवाय त्या सहसा बाहेर जात नाहीत. पण पीएचपीच्या करारावर सही करताना तुम्ही जी संमती देता, तिच्यातच लिहिलेलं असतं की अटी मोडल्या तर बोर्डाला कळवलं जाईल. चाचणीला नकार, उपचार अर्धवट सोडणं, नशेत काम, करारातून बाहेर पडणं, यांपैकी काहीही झालं की नाव जातं. याचा अर्थ स्वेच्छेने आलेला डॉक्टर सहकार्य करतो तोवर बोर्डाला अनोळखी राहतो. बोर्डानेच पाठवलेल्या डॉक्टरला तेवढीही मुभा नसते, त्याचे अहवाल नियमित जातात. तक्रार होण्याआधी फोन करणं आणि झाल्यानंतर करणं यात सगळा फरक पडतो.

लायसन्स नूतनीकरणाच्या फॉर्मवर काय लिहायचं, हे कार्यक्रमालाच विचारा. काही राज्यांत स्वेच्छेने कार्यक्रमात असलेल्याला ‘नाही’ असं उत्तर द्यायची अधिकृत मुभा फॉर्मवरच छापलेली असते. काही ठिकाणी फक्त ‘सध्या कामावर परिणाम करणारा आजार’ विचारतात. प्रश्न शब्दशः वाचा. खोटं उत्तर ही स्वतंत्र शिस्तभंगाची बाब आहे आणि ती मूळ आजारापेक्षा जास्त महागात पडते. हॉस्पिटलच्या क्रेडेन्शिअलिंगचे (डॉक्टरच्या पात्रतेच्या पडताळणीचे) आणि मालप्रॅक्टिस (उपचारातल्या चुकांच्या) विम्याचे फॉर्म वेगळे असतात, तिथे बोर्डाची मुभा आपोआप लागू होत नाही.

डॉक्टरांवरच्या कारवाया नोंदवणाऱ्या राष्ट्रीय प्रॅक्टिशनर डेटा बँकेची धास्ती अनेकांना असते. नुसतं स्वेच्छेने उपचाराला जाणं तिथे नोंदवलं जात नाही. चौकशी सुरू असताना प्रिव्हिलेजेस (त्या हॉस्पिटलात काम करायचे अधिकार) सोडून दिले तर मात्र नोंद होते. म्हणून हॉस्पिटलने ‘राजीनामा द्या, विषय संपवू’ असं सुचवलं तर त्या खोलीत सही करू नका. वैद्यकीय रजा मागा.

रजेचा हिशेब नीट करावा लागतो. एफएमएलए या केंद्रीय रजा कायद्याने 12 आठवडे बिनपगारी रजा मिळते, म्हणजे 84 दिवस. 90 दिवसांची भरती आणि त्याआधीचे मूल्यमापनाचे दिवस त्यात बसत नाहीत. उरलेल्या दिवसांसाठी साठलेली रजा आधीच राखून ठेवा. शिवाय या कायद्याला 12 महिन्यांची नोकरी लागते, त्यामुळे पहिल्या वर्षाचा रेसिडेंट त्यात येत नाही. त्याला जुलै 2022 पासून लागू झालेली, रेसिडेन्सींना मान्यता देणाऱ्या एसीजीएमई या संस्थेची सहा आठवड्यांची पगारी रजा कामी येते. ही रजा पहिल्या दिवसापासून लागू असते.

व्हिसावर असलेल्यांसाठी पीएचपीचा सल्ला पुरत नाही. इथे ही सेवा स्पष्टपणे तोकडी पडते. रजेवर असताना नोकरी शाबूत असते, पण ती सुटली तर एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर देशात राहायला जास्तीत जास्त 60 दिवस मिळतात. जे-वन या प्रशिक्षणाच्या व्हिसावर स्पॉन्सर संस्थेला रजा कळवावी लागते. नशेत गाडी चालवल्याबद्दल अटक झाली तर खटल्याचा निकाल लागायच्या आधीच परराष्ट्र खातं व्हिसाचा शिक्का रद्द करू शकतं, आणि ते लक्षात येतं भारतातून परतताना. ग्रीन कार्डच्या वैद्यकीय तपासणीत कंट्रोल्ड औषधांच्या व्यसनाचं निदान आड येतं, 12 महिन्यांची रिकव्हरी दाखवावी लागते. इमिग्रेशन वकील वेगळा करा, आणि मूल्यमापनाच्या आधी करा.

पैशाचं बोलायचं तर मूल्यमापनाला काही हजार डॉलर, निवासी उपचाराला त्याच्या कित्येक पट, आणि पाच वर्षं प्रत्येक चाचणीचे पैसे जवळजवळ सगळे स्वतःच्या खिशातून. रेसिडेंटच्या पगारात हे ओझं मोठं आहे. काही राज्यांत कर्ज किंवा मदतनिधी असतो, पण विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही. 90 दिवसांऐवजी दिवसा येऊन जाण्याचा उपचार चालेल का, हेही विचारावं. सौम्य केसमध्ये चालतो.

एवढं सगळं सोसून हाती काय लागतं? 16 राज्यांच्या कार्यक्रमांतल्या डॉक्टरांचा पाच वर्षांचा अभ्यास 2008 मध्ये बीएमजे या वैद्यकीय नियतकालिकात आला. 802 जणांपैकी 155 कार्यक्रमात टिकले नाहीत. उरलेल्या 647 पैकी 126 जणांची चाचणी पाच वर्षांत कधी ना कधी पॉझिटिव्ह आली, म्हणजे पाचातल्या चारांची एकदाही नाही. पाच वर्षांनंतर 802 पैकी 631 जण लायसन्ससह काम करत होते, 87 जणांचं लायसन्स गेलं होतं, 30 जण वारले होते. तुलनेसाठी दुसरा गट या अभ्यासात नव्हता, आणि ज्याच्या हातातलं लायसन्स पणाला लागलं आहे त्याची जिद्द वेगळीच असते, हे मान्य. तरीही सर्वसामान्य व्यसनमुक्तीत असे आकडे दिसत नाहीत. आमच्या मते याचं श्रेय पहिल्या 90 दिवसांपेक्षा नंतरच्या पाच वर्षांना जास्त जातं. पाय घसरला तर तो काही दिवसांत कळतो, आणि तेवढ्यातच सावरता येतं.

करारात एएच्या (अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस या स्वमदत गटाच्या) मीटिंगा असतात. त्यातल्या ईश्वराच्या उल्लेखावर आक्षेप असेल तर स्मार्ट रिकव्हरी हा ईश्वराचा आधार न घेणारा गट चालेल का ते सहीआधी विचारा. नंतर बदल करून घेणं अवघड जातं. नर्सेससाठी बहुतेक राज्यांत वेगळा कार्यक्रम आहे, बऱ्याचदा जास्त कडक आणि कमी पैशाच्या पाठबळाचा. वरचं सगळं त्यांना जसंच्या तसं लागू करू नये.

ब्रिटनमधल्या मराठी डॉक्टरांचा मार्ग यापेक्षा सोपा आहे. तिथली प्रॅक्टिशनर हेल्थ ही सेवा 2008 मध्ये लंडनमध्ये सुरू झाली आणि 2019 मध्ये इंग्लंडभरच्या डॉक्टर-दंतवैद्यांसाठी खुली झाली. फोन स्वतः करायचा, सेवा मोफत, आणि भर पाळतीपेक्षा उपचारावर. एप्रिल 2024 मध्ये हॉस्पिटलच्या डॉक्टरांची नवी नोंदणी थांबवण्याची घोषणा झाली होती, ती डॉक्टरांच्या संतापानंतर काही दिवसांतच मागे घेतली गेली. सेवेचा पैसा सरकारी असल्यामुळे अशी टांगती तलवार तिच्यावर राहते.

भारतात काम करणाऱ्यांना उपयोगी पडेल असं कायद्यात बरंच आहे. मानसिक आरोग्य कायदा 2017 मध्ये दारू आणि अमली पदार्थांशी निगडित मानसिक अवस्था मानसिक आजारातच मोडतात, आणि कलम 23 नुसार उपचाराची माहिती गोपनीय ठेवणं केंद्रावर बंधनकारक आहे. अमली पदार्थ कायद्याचं कलम 64अ स्वतःहून मान्यताप्राप्त केंद्रात उपचाराला येणाऱ्याला सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात खटल्यापासून संरक्षण देतं. उपचार अर्धवट सोडला तर हे संरक्षण काढून घेता येतं, हे लक्षात ठेवावं. हॉस्पिटलच्या साठ्यातून इंजेक्शनं काढली असतील तर ती चोरी या कलमात झाकली जात नाही. फोनवर सुरुवात करायची तर व्यसनमुक्तीसाठी 14446 आणि मानसिक आरोग्यासाठी टेलिमानसचा 14416. पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र 1986 पासून काम करतं आहे, आणि मुंबई-पुण्यात एएच्या मीटिंगा मराठीतूनही चालतात. आपल्याच गावात रुग्ण भेटतील अशी धास्ती असेल तर दुसऱ्या शहरातलं केंद्र निवडा, आणि भरतीआधी दोन गोष्टी लेखी विचारून घ्या: डिस्चार्ज समरीवर निदान कोणत्या शब्दांत येईल आणि विमा कंपनीकडे कोणते कागद जातील.